मोबाइल नसलेल्या खोलीतला मोबाइल

१

सकाळी शहराने नळ उघडले आणि नळांनी नुसता वारा सोडला.

टेकडीवरच्या जलशुद्धीकरण केंद्रातून पाणी पहाटेच सुटते. त्या दिवशी ते सुटले उन्हे चांगली वर आल्यावर. तोवर रुग्णालयाने शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या होत्या, शाळांनी मुले घरी धाडली होती आणि पाणीपुरवठा मंडळाच्या कचेरीतला फोन खाली ठेवताच पुन्हा वाजत होता.

पाण्याला तोटा नव्हता. टाक्या काठोकाठ होत्या, पंप ठणठणीत होते. अडले होते एका फॉर्मवर.

केंद्राची पद्धत अशी. पाळीवरच्या ऑपरेटरने क्लोरीन, गढूळपणा आणि दाब यांचे आकडे नियंत्रण कक्षातल्या संगणकावरून एका वेब फॉर्ममध्ये भरायचे. फॉर्म मुख्य कचेरीत पोचला की मोठ्या झडपेचे कुलूप आपोआप उघडते. नाही पोचला तर झडप बंदच राहते. ती हाताने उघडायची तर मुख्य कचेरीत बसणाऱ्या केंद्रप्रमुखांना फोन करून परवानगी घ्यावी लागते. टेकडीवर पहारेकरी उरला नव्हता, त्यामुळे फॉर्म हीच हजेरी. फॉर्म आला म्हणजे माणूस आला, असा मंडळाचा हिशोब. म्हणूनच तो मोबाइलवरून भरता येत नसे. भरता आला असता, तर कुणीही पांघरुणातून हात बाहेर काढून शहराला पाणी सोडले असते.

त्या पहाटे फॉर्म भरायचा प्रयत्न झाला होता. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. सर्व्हरने तो दर वेळी परतवून लावला होता आणि दर वेळी कारण एकच नोंदवले होते: मोबाइल ब्राउझर.

लॉगिन होते वस्तादांचे.

वस्ताद हे केंद्रातले सगळ्यांत जुने ऑपरेटर. मंडळातले निम्मे ऑपरेटर त्यांच्या हाताखाली तयार झालेले. त्यांची पाळी कधी चुकली, असे सांगणारा माणूस मंडळात सापडला नसता. केंद्रप्रमुखांनी मात्र दुपारच्या आत निकाल लावला. वस्ताद घरी लोळत होते, मोबाइलवरून हजेरी लावत होते आणि या वेळी सापडले. त्यांनी निलंबनाचे पत्र धाडले. सुनावणी आठवड्याच्या शेवटी ठरली. आरोप टिकला असता तर वस्ताद बडतर्फ झाले असते, आणि त्यांच्या नावापुढे दोन शब्द कायमचे चिकटले असते: गैरहजर आणि खोटारडा.

वस्तादांचा खुलासा एका वाक्याचा होता. "मी खुर्चीत होतो."

त्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. पण मंडळाच्या तपासनीस बाईंनी त्यांचा मोबाइल मागवून घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि कपाळाला आठी घातली. तो जुना, बटणांचा फोन होता. फोन करणे आणि फोन घेणे यापलीकडे त्याला काही येत नव्हते. ब्राउझर त्यात नव्हताच.

२

तपासनीस बाईंना मंडळात पाठीमागे सगळे 'चाळण' म्हणत. काहीही ओता, खडे वर राहतात. बाईंना हे नाव माहीत होते, आणि त्या ते बिरुदासारखे मिरवत.

त्यांनी आधी केंद्रप्रमुखांना गाठले. केंद्रप्रमुखांची खोली नीटनेटकी होती. टेबलावर एकही कागद वाकडा नव्हता. बटणांच्या फोनची त्यांना फिकीर नव्हती. घरातल्या कुणाचा तरी फोन घेतला असेल, म्हणाले. त्यांच्याकडे दोन मुद्दे होते आणि दोन्ही वजनदार होते. पहिला असा, की काही केंद्रांवरचे लोक मोबाइलवरून फॉर्म भरतात हे कळल्यामुळे त्यांनी आदल्याच संध्याकाळी फॉर्मला नवे, पक्के कुलूप घालून घेतले होते. आणि कुलूप घातल्यानंतरच्या पहिल्याच पहाटे वस्ताद अडकले. दुसरा मुद्दा, वस्तादांचा जोडीदार त्या सकाळी उशिरा आला, केंद्रातल्या संगणकासमोर बसला आणि त्याचा फॉर्म पहिल्याच फटक्यात गेला. वस्ताद तेव्हा तिथेच होते असे जोडीदार म्हणत होता, पण चेला गुरूचीच बाजू घेणार, असे म्हणून त्यांनी ते उडवून लावले.

"संगणक तोच, फॉर्म तोच. माणूस प्रत्यक्ष आला आणि फॉर्म गेला," ते म्हणाले. "हातच्या कंकणाला आरसा कशाला, बाई?"

कुलूप घालणारी प्रोग्रामर खालच्या मजल्यावर बसत असे. वयाने लहान, बोलायला तडफदार. आपल्या कामाचा तिला अभिमान होता आणि तो ती लपवत नव्हती. तिने समजावून सांगितले, की फॉर्म उघडला की ब्राउझर आपण कोण आहोत ते स्वतःच सांगतो. फोनवरचा सांगतो मी फोनवरचा, संगणकावरचा सांगतो मी संगणकावरचा. पूर्वी ती एवढ्यावर भागवायची. पण फोनला थापा मारायला शिकवता येते. 'डेस्कटॉप साइट' नावाची एक खूण केली की फोन बिनदिक्कत सांगतो, मी संगणक. टेकडीपलीकडच्या केंद्रावर हेच चालले होते.

"म्हणून आता मी दुसरा प्रश्न विचारते," ती म्हणाली. "पानाची रुंदी किती? नाव बदलता येतं, अंगकाठी कशी बदलणार? पान अरुंद दिसलं की दार बंद. माझ्या दारातून फोन आत जाऊन दाखवू दे."

तुझ्या या दारातून आजवर कोणकोण परत गेले, असे बाईंनी विचारले. त्या पहाटेचे वस्ताद सोडले तर कुणी नाही, असे उत्तर आले.

वस्तादांचा पासवर्ड आणखी कुणाला माहीत आहे, हा बाईंचा शेवटचा प्रश्न होता. प्रोग्रामर जरा घुटमळली. असे सांगणे बरे नाही, पण एकाला माहीत आहे, म्हणाली. त्यांच्या जोडीदाराला. धाकट्याला.

३

धाकट्याकडे जाण्याआधी बाईंनी रात्रपाळीच्या ऑपरेटरला बोलावले. त्याला सगळे 'रेडिओ' म्हणत, कारण तो एकदा सुरू झाला की बंद करायचे बटण सापडत नसे.

त्या पहाटे वस्ताद दिसले का, या प्रश्नाचे उत्तर द्यायला रेडिओने भलताच वेळ घेतला. तात्पर्य एवढेच, की दिसले नाहीत. पण दिसायचे कारणही नव्हते. रात्रपाळीची गाडी रस्त्याने खाली उतरते आणि वस्ताद मागच्या पायऱ्यांनी चढून येतात. शिवाय गाडीत बसल्याबरोबर रेडिओचे डोळे मिटतात.

वस्तादांबद्दल मात्र त्याला पुष्कळ सांगायचे होते. माणूस कामाचा, पण तोरा केवढा. कुणाशी बोलताना त्याच्याकडे सरळ बघायचे नाही. नजर आपली कानाच्या बाजूने पलीकडे, जणू आपल्या मागे कुणी बडा साहेब उभा आहे. आणि काम तर कोर्टासारखे चालायचे. वस्तादांनी मीटरसमोर उभे राहून आकडे पुकारायचे, धाकट्याने मुकाट्याने टाइप करायचे. शेवटी खुद्द वस्ताद खुर्चीत बसणार, सगळे तपासणार, मग ते पाठवणार. दुसऱ्याच्या बोटांवर भरवसा नाही.

"आम्हालाही त्यांनीच शिकवलं म्हणा," रेडिओ शेवटी म्हणाला. "पण धड तोंडाकडे बघून कधी शाबासकी दिली नाही."

वस्ताद स्वतः बाईंसमोर आले ते इस्त्रीच्या शर्टात, ताठ मानेने. खुर्ची हाताने चाचपून जरा मागे ओढून ते बसले. रेडिओ खोटे बोलला नव्हता. बाईंना आपल्या कानावर काही बसले आहे की काय, असे सारखे वाटत राहिले.

धाकट्याच्या मुलीला रात्री ताप भरला होता, त्यामुळे त्याला उशीर होणार हे आधीच कळले होते, असे वस्तादांनी सांगितले. म्हणून ते एकटेच होते. आकडे घेतले, फॉर्म भरला, तो गेला नाही. पुन्हा भरला, पुन्हा गेला नाही. धाकटा येईपर्यंत ते हेच करत होते.

बाईंनी विचारले, की टेबलावर कचेरीचा फोन होता, हातभर अंतरावर. केंद्रप्रमुखांना एक फोन केला असता तर झडप हाताने उघडायची परवानगी मिळाली असती. शहराला पाणी मिळाले असते, आणि तुम्ही तिथे होता हेही आपोआप सिद्ध झाले असते. मग का नाही केला?

वस्तादांनी खुर्ची मागे सारली. मग उठले.

"बाई, एवढं सोडून काहीही विचारा."

आणि ते निघून गेले. निर्दोष माणूस आपल्या बचावाचा एकमेव दरवाजा स्वतःच्या हाताने लावून घेतो, हे बाईंनी नोकरीत प्रथमच पाहिले.

४

धाकटा तसा फार धाकटा नव्हता. दोन मुलांचा बाप होता. पण वस्तादांनी ठेवलेले नाव कोण बदलणार?

त्याने आधी सांगितले, की तो वेळेवर आला होता आणि सगळा वेळ वस्तादांशेजारीच होता. बाईंनी दवाखान्यातल्या कंपाउंडरशी बोलणे झाल्याचे सांगितल्यावर तो गडबडला. मग त्याने खिशातला मोबाइल काढून टेबलावर ठेवला.

"लिहा बाई. मीच केलं. दवाखान्यात बसून, माझ्या मोबाइलवरून, वस्तादांच्या लॉगिनने. उशीर झाला म्हणून मला त्यांची हजेरी लावायची होती. त्यांना यातलं काही माहीत नाही."

कबुली नेटकी होती. तपासनीसाला कबुली मिळाली की चहा मागवायचा आणि फाइल बांधायची, असा रिवाज आहे. बाईंनी चहा मागवला, फाइल बांधली नाही. उशीर धाकट्याला झाला होता, हजेरी वस्तादांची कशाला लावायची? खोटे बोलणारा माणूस स्वतःला वाचवायला बोलतो. हा स्वतःला बुडवत होता. म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी वाचवत होता, आणि तेही अशा गोष्टीपासून, जी नोकरी जाण्यापेक्षा त्याला मोठी वाटत होती.

त्या पुन्हा प्रोग्रामरकडे गेल्या. फॉर्म का नाकारला ते तू सांगितलंस, म्हणाल्या, पण तो आला कुठून ते सांगितलं नाहीस. कुणी विचारलंच नाही, असे प्रोग्रामरने कबूल केले. केंद्रप्रमुखांना फक्त कारण हवे होते, तिने कारण दिले होते. तिने सर्व्हरवरची सगळी नोंद उघडली, एका ओळीवर बोट ठेवले आणि तसेच राहू दिले.

नाकारलेला प्रत्येक फॉर्म केंद्राच्याच तारेवरून आला होता. दवाखान्यातून नाही, वस्तादांच्या घरून नाही. टेकडीवरच्या नियंत्रण कक्षातून.

त्या कक्षात हवेतून चालणारे इंटरनेट नव्हते, ते मंडळाने मुद्दामच दिले नव्हते. एक तार भिंतीतून येते आणि संगणकाच्या पाठीत शिरते. फोनला ती लावायला जागाच नाही.

म्हणजे मोबाइल त्या खोलीत होता. आणि त्या खोलीत मोबाइल असूच शकत नव्हता.

५

दोघी टेकडीवर गेल्या. नियंत्रण कक्ष लहान होता. एका भिंतीवर थाळीएवढ्या गोल मीटरांची रांग, प्रत्येकात लांब काळा काटा. समोर टेबल, संगणक, कचेरीचा फोन. खिडकीखाली क्लोरीन तपासायच्या काचेच्या नळ्या. काचेपलीकडे शांत, हिरवट पाण्याच्या टाक्या. पंपांची घरघर जमिनीतून पायांत चढत होती.

प्रोग्रामरने तार तपासली, संगणक तपासला, टेबलाखाली वाकून पाहिले. काही नाही. तिने फॉर्म उघडला, खोटे आकडे भरले आणि चाचणीची खूण करून पाठवला. सुरळीत गेला.

बाई मागे उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी विचारले, की पानाची रुंदी मोजतेस म्हणजे पडद्याला पट्टी लावतेस का?

प्रोग्रामर हसली. पट्टी कशी लावणार? ब्राउझरच सांगतो, माझ्या पानात आडवं एवढं मावतं. फोनवर कमी मावतं, संगणकावर जास्त.

"आणि याच पडद्यावर अक्षरं मोठी केली तर?"

"तर काय..." प्रोग्रामर म्हणाली आणि वाक्य तिथेच राहिले.

ती वळली. दोन बोटे कळफलकावर ठेवून तिने पानावरची अक्षरे मोठी केली. मग आणखी मोठी. आणखी. फॉर्मचे रकाने फुगले, एकमेकांखाली सरकले. पान आता फोनवरच्या पानासारखे अरुंद आणि लांबलचक दिसू लागले. तिने 'पाठवा' दाबले.

पडद्यावर लाल पट्टी आली: हा फॉर्म मोबाइलवरून भरता येत नाही. कार्यालयातील संगणक वापरा.

कार्यालयातल्या संगणकासमोर बसून तिने ते वाक्य दोनदा वाचले. मघाचा तडफदारपणा कुठच्या कुठे गेला.

"मी चोराला अडवायला दार केलं," ती म्हणाली, "आणि घरातल्या माणसालाच बाहेर काढलं."

आदल्या दिवसापर्यंत कुणी अक्षरे कितीही मोठी केली तरी बिघडत नव्हते. नवे कुलूप आले आणि अक्षरे मोठी करणारा संगणक त्याला फोन वाटू लागला. धाकट्याने आल्याबरोबर अक्षरे टाइप करण्यापुरती पुन्हा लहान केली असणार, म्हणून त्याचा फॉर्म गेला.

प्रोग्रामर लगेच कचेरीत कळवायला निघाली होती. बाईंनी तिला थांबवले. यंत्राचे कोडे सुटले होते, माणसाचे सुटायचे होते. अक्षरे इतकी मोठी कोण करतो? आकडे स्वतः टाइप न करता कोण पुकारतो? आणि समोरच्या माणसाकडे बघायचे म्हणून त्याच्या कानापलीकडे कोण बघतो?

बाईंना वाटले, तोरा नाही तो.

६

त्या संध्याकाळी बाई वस्तादांच्या घरी गेल्या. घर दोन खोल्यांचे, चकचकीत. वस्तादांच्या पत्नीने दार उघडले आणि दारातच सांगितले, की ह्यांना कामचुकार ठरवायला आला असाल तर चहा मिळणार नाही, दुसऱ्या कशासाठी आला असाल तर साखर किती ते सांगा. बाईंनी साखर सांगितली.

मग वस्तादांसमोर त्यांनी एक कागद ठेवला. तुमचा जबाब लिहून आणलाय, वाचून सही करा, म्हणाल्या. वस्तादांनी कागद उचलला, वाचायला लागतो तेवढा वेळ समोर धरला, मान हलवली आणि खाली वळणदार सही केली.

"वस्ताद," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही आत्ता गोदामातल्या पाइपांची चोरी कबूल केलीत."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

तो कागद दुसऱ्याच प्रकरणातला होता. बाईंनी तो परत घेतला आणि फाडून टाकला. वस्तादांनी हातातले पेन खाली ठेवले. मग त्यांनी सांगितले. दीड-दोन वर्षे झाली. डॉक्टर म्हणाले, नजरेचा मधला भाग जातोय, कडा राहतील, चष्म्याने काही होणार नाही. लवकर आला असता तर थोपवता आलं असतं. मीटरांचे काटे त्यांना कडेच्या नजरेने स्वच्छ दिसत. पडद्यावरची अक्षरे थाळीएवढी केली तर दिसत. क्लोरीनचा रंग धाकटा बघे. त्या पहाटे तो नव्हता, म्हणून त्यांनी नळी खिडकीशी धरून तपासणी पुन्हा पुन्हा केली, खात्री पटेपर्यंत.

बाईंनी मंडळाच्या रसायनतज्ज्ञाकडचा त्या सकाळचा नमुना आधीच पडताळला होता. वस्तादांचा आकडा बरोबर होता. तरी त्यांनी सोडले नाही. खात्री पटली नसती तर?

"तर फॉर्म पाठवला नसता. शहर तहानलेलं राहिलं तर शिव्या देतं, बाई. वाईट पाणी प्यायलं तर त्या देणारे उरत नाहीत."

आणि फोन?

वस्ताद पहिल्यांदाच हसले, पण ते हसू काही खरे नव्हते. "पडद्यावर आलं, मोबाइलवरून भरता येत नाही. मी तर संगणकासमोर बसलेलो. म्हटलं, झालं, आता डोळे नाही ते दाखवायला लागले. अक्षरं आणखी मोठी केली, पुन्हा तेच. फोन करून साहेबांना काय सांगू? मला दिसतंय ते खरं आहे का, येऊन बघून जा?"

अक्षरे जितकी मोठी, तितके दार घट्ट. आणि दार घट्ट, म्हणून अक्षरे आणखी मोठी. त्या खोलीत पहाटभर हेच चालले होते.

बाईंनी त्यांना स्पष्ट सांगितले, की सुनावणीत त्या यंत्राची चूक दाखवतील आणि थांबतील. तुम्ही खुर्चीत होता हे त्यातून सिद्ध होईल. अक्षरे कुणी आणि का मोठी केली, हे कुणी विचारले नाही तर त्या आपणहून सांगणार नाहीत. "पण विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही. आणि कुणी विचारलं नाही, तरी एक प्रश्न राहतो वस्ताद. तो तुमचा तुम्ही सोडवा."

कुठला प्रश्न, हे वस्तादांनी विचारले नाही. त्यांच्या पत्नीने चहा आणून ठेवला तो तसाच निवला.

७

सुनावणीच्या खोलीत मंडळाच्या अध्यक्षबाई, केंद्रप्रमुख, प्रोग्रामर, तपासनीस बाई, धाकटा आणि वस्ताद एवढेच होते. दाराबाहेर मात्र पाळी सुटलेले झाडून सगळे ऑपरेटर उभे होते, आणि रेडिओचा आवाज आतपर्यंत येत होता.

प्रोग्रामरने संगणक लावला. फॉर्म नेहमीच्या अक्षरांत पाठवला, गेला. अक्षरे मोठी केली, पाठवला, लाल पट्टी आली. मग सर्व्हरची नोंद दाखवली. ती म्हणाली, की दार चुकलं, माणूस नाही, आणि दार मी केलं. हे सांगताना तिने मान खाली घातली नाही.

केंद्रप्रमुख वाईट माणूस नव्हते. चूक दिसल्यावर ती मान्य करायला त्यांना वेळ लागला, पण केली. कारवाई मागे घेतो, म्हणाले. 'तांत्रिक बिघाड' असे लिहून प्रकरण मिटवू. अध्यक्षबाईंनी लेखणी उचलली. धाकट्याने सुटकेचा श्वास टाकला. अक्षरे मोठी का केली, हे कुणीही विचारले नाही. वस्तादांसमोर दार सताड उघडे होते. त्यातून निघायचे, उद्या पहाटे पुन्हा टेकडी चढायची आणि खुर्चीत बसायचे. बाईंनी तपासाचे कागद एकत्र केले आणि वाट बघितली.

"थांबा," वस्ताद म्हणाले.

ते उभे राहिले. अक्षरे मी मोठी केली, म्हणाले, कारण मला मधले दिसत नाही आणि ते आता दिसणारही नाही. दाराबाहेरचा रेडिओसुद्धा थांबला. केंद्रप्रमुख जागेवरून उठले आणि मऊ आवाजात म्हणाले, की वस्ताद, हे लिहायची काही गरज नाही.

"गरज आहे साहेब. मी खुर्चीत होतो हे लिहिताय ना? मग खुर्चीत कोण होतं तेही लिहा. आंधळा लिहा, चालेल. पळपुटा लिहू नका." ते अध्यक्षबाईंकडे वळले. "त्या पहाटे मी एकटा होतो. नुसती फॉर्मची अडचण आली, म्हणून शहर कोरडं राहिलं. दुसरं काही बिघडलं असतं, लाल दिवा लागला असता, तर तो मला वेळेत दिसला असता असं मी शपथेवर सांगू शकत नाही. ती खुर्ची दिसणाऱ्या माणसाची आहे. मला कुणी काढत नाहीये. मी उठतोय."

मग त्यांनी धाकट्याच्या खोट्या कबुलीबद्दल त्याला सगळ्यांसमोर एक शिवी दिली. शिवी अस्सल होती आणि इथे छापण्याजोगी नाही. धाकटा ती ऐकून शाबासकी मिळाल्यासारखा रडायला लागला.

अध्यक्षबाईंनी सगळे लिहिले. हजर होते, हे आधी लिहिले.

८

धाकटा आता पहाटपाळीचा मुख्य ऑपरेटर आहे. तिथे एका वेळी दोन माणसे असलीच पाहिजेत, असा नियम झाला. प्रोग्रामरने रुंदीचा प्रश्न काढून टाकला. आता तिचे दार पान किती रुंद ते विचारत नाही, फॉर्म केंद्राच्या तारेवरून आला आहे का एवढेच बघते. वस्तादांना मंडळाने नव्या ऑपरेटरांच्या शिकवणीवर घेतले. पहिल्याच दिवशी त्यांनी साऱ्या वर्गाला सांगितले, की मी तुमच्या कानाकडे बघत असेन तेव्हा समजा, की तुमच्याचकडे बघतोय.

सुनावणीनंतरच्या रविवारी रेडिओ वस्तादांच्या घरी आला. पहिल्यांदाच आला होता. बसला, चहा घेतला, हवापाण्याचे दोन शब्द बोलला आणि गप्प झाला. वस्तादांच्या पत्नीने आतून डोकावून पाहिले, की हा गेला की काय. तो होता. गुडघ्यांवर हात ठेवून जमिनीकडे बघत बसला होता.

"वस्ताद," शेवटी तो म्हणाला, "तुमचे ते डॉक्टर. कुठे बसतात?"

वस्तादांनी कारण विचारले नाही. कधीपासून, एवढेच विचारले.

रात्री दिव्याभोवती धुकं दिसतं, रेडिओ म्हणाला, सरळ रेघ मध्येच वाकडी दिसते, फार दिवस नाही झाले. बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगणारही नव्हतो. पण तुम्ही त्या दिवशी आत बोललात आणि मी बाहेर उभा होतो.

वस्ताद उठले, खुंटीवरचा इस्त्रीचा शर्ट त्यांनी हाताने चाचपून पाहिला.

"फार दिवस नाही ना? मग अजून थोपवता येईल. उद्या सकाळी तयार राहा. मी येतो बरोबर."

"तुम्ही?" रेडिओला हसावे की नाही ते कळेना. "तुम्ही मला कसे नेणार?"

"का नाही?" वस्ताद ताठ उभे राहून म्हणाले. "मंडळात सगळ्यांना मीच शिकवलंय."